बंद खोलीतला नकार

१

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या वहिनीने शीतगृहाचं जाड दार ओढलं आणि आतून गार हवा आलीच नाही. सवयीने ती स्वेटरची बटणं लावत होती, ती तिसऱ्या बटणावर थांबली. भिंतीवरचा तापमापक एकोणीस दाखवत होता. तिथल्या लसी दोन ते आठ अंशांत ठेवायच्या असतात. मांडण्यांवर लहान मुलांच्या लसींच्या अकरा हजार कुप्या शनिवारी होत्या तशाच रांगेने उभ्या होत्या, आणि त्यातली एकही आता कामाची नव्हती.

तिचा फोन आला तेव्हा मी नव्या घरात खोकी उघडत होते. आदल्याच दिवशी आम्ही तिथे राहायला आलो होतो. तिने सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, आणि शेवटी म्हणाली, "वन्सं, जरा येता का? साहेब म्हणताहेत, मीच केलं."

आमच्या दादाचं लग्न होऊन तीस वर्षं झाली. मी वहिनीपेक्षा दोन वर्षांनी लहान. तरी ती मला चिडवायला वन्सं म्हणते आणि मुद्दाम अहो-जाहो करते. त्या सकाळी त्यात चिडवणं अजिबात नव्हतं.

मी चपला घातल्या आणि निघाले. वाटेत दोनदा रिक्षावाल्याला म्हटलं की जरा जोरात घ्या, आणि दोनदा त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना दोष. टेलिफोन खात्यात होते, आधी ऑपरेटर आणि शेवटची नऊ वर्षं तक्रार विभागात. गिऱ्हाईक म्हणायचं फोन बंद आहे, लाइनमन म्हणायचा चालू आहे, आणि पुष्कळदा दोघंही खरं बोलत असायचे. मग घोडं कुठे पेंड खातंय ते मी शोधायचं. पण त्या दिवशी घाई होती ती वेगळ्याच कारणाने. शुक्रवारी मीच वहिनीला फोनवर म्हणाले होते, "रविवारी सामान लावायला येशील तेव्हा तो तुझा कामाचा फोन गप्प करून ये. नाहीतर येऊच नकोस."

आणि रविवारी दिवसभर तिचा फोन एकदाही वाजला नव्हता.

२

लसींचं कोठार म्हणजे एक बसकी इमारत. पुढे ऑफिस, मागे शीतगृह, मध्ये लांब बोळ. बोळाच्या टोकाला एक छोटी कुलूपबंद खोली, तिच्यात सर्व्हर. साहेबांनी मला बसायला सांगितलं, मी उभीच राहिले.

"तुम्ही नातेवाईक म्हणून आला आहात, ठीक आहे," ते म्हणाले. "पण प्रकरण सरळ आहे. चार वाजता मुख्यालयातून वरिष्ठ बाई येताहेत. त्यांच्यासमोर यांच्या हातात निलंबनाचं पत्र देणार. दीड वर्ष नोकरी राहिली होती. वाईट वाटतं. पण मुलांच्या लसी आहेत, हयगय चालत नाही."

पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. शेजारी नासलेल्या साठ्याची यादी, पाच-सहा पानं, तळाच्या ओळींवर काचेचा जाड पेपरवेट.

"सरळ कसं, ते मला सांगा," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. शीतगृहाचं यंत्र शनिवारी दुपारी पावणेपाचला बंद पडलं. आतलं तापमान दर दहा मिनिटांनी सर्व्हरवर नोंदलं जातं, ते नोंदलं गेलंही. आठच्या वर आकडा गेला की सर्व्हरवरच्या इशारा-प्रोग्रामने वहिनीच्या फोनवर संदेश पाठवायचा. तो एकही गेला नाही. आज सकाळी पाहिलं तर सर्व्हरवर जी फायरवॉल आहे, म्हणजे आतून बाहेर काय जाईल नि बाहेरून आत काय येईल यावरचा पहारा, तिच्यात त्या प्रोग्रामपुढे लिहिलेलं निघालं: बाहेर सोडू नये, कायम. हे आपोआप होत नाही. कोणीतरी 'नाही'चं बटण दाबावं लागतं.

"खोली बंद असते. किल्ली एकच, ती यांच्या गळ्यातल्या दोरीला. सर्व्हरवरचं लॉगिन यांच्या पदाचं. आणि कारणही यांचंच. मागच्या आठवड्यात तीन वेळा खोटा इशारा वाजला म्हणून तक्रार करत होत्या. रविवारी फोनच्या कामातून सुटी मागितली होती."

"तुम्ही दिलीत?"

"नाही," साहेब म्हणाले.

दाराशी उभा असलेला लेखनिक बुटांकडे बघत हसला. त्या ऑफिसात साहेबांची ख्याती अशी, की अर्ज समोर आला की आधी 'नाही' लिहितात, मग चष्मा लावतात.

"मी शनिवारी सगळे गेल्यावरही इथे बसलेला असतो," साहेबांनी यादी थोपटली. "ही यादी मीच काढून ठेवली होती, आठवड्याच्या अहवालाला. आता हीच पंचनाम्याला लावायची वेळ आली. असं काम करणारी माणसं हवीत."

मी घड्याळाकडे बघितलं. अकराला पाच कमी होते.

३

सर्व्हरची देखभाल करणाऱ्याला तिथे सगळे जावईबापू म्हणतात. तो कोणाचाही जावई नाही. दर शुक्रवारी येतो, चहा पितो, सगळे त्याची मर्जी सांभाळतात, आणि काय केलं ते कोणालाच कळत नाही, म्हणून जावईबापू. आज सोमवारीच धावत आला होता आणि चहाला शिवला नव्हता. वहिनीने दोरीतली किल्ली काढून खोली उघडून दिली आणि निघून गेली.

आत एक टेबल, त्यावर एक पडदा, खाली घरघरणारं काळं खोकं. पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली: 'अनोळखी चौकट आल्यास नाही दाबणे.'

"ही कोणी लावली?"

"मीच," जावईबापू म्हणाला. "सगळ्यांच्याच टेबलावर लावली आहे. त्याचं असं आहे मावशी, ही फायरवॉल घरच्या संगणकाची आहे. डेस्कटॉपवाली. एखादा नवा किंवा बदललेला प्रोग्राम बाहेर बोलायला लागला की ती पडद्यावर चौकट आणते. याला जाऊ देऊ का? हो की नाही? तुम्ही सांगाल ते लक्षात ठेवते. घरी छान चालते. समोर माणूस बसलेलाच असतो ना."

"आणि इथे?"

तो पडद्याची कड पुसायला लागला.

"इथे समोर कोण बसलेलं असतं?" मी पुन्हा विचारलं.

"कोणी नाही. सर्व्हरसाठी वेगळी फायरवॉल असते, ती कोणाला काही विचारत नाही. आधीच नियम घालून ठेवायचे. मी दोनदा मागणी केली होती. फाइलवर शेरा आला, 'नाही, गरज नाही.' काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून मी माझ्या घरची टाकली. ती सारखी काहीबाही विचारायची आणि लोक घाबरून मलाच फोन करायचे. म्हणून ही चिठ्ठी."

मला त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. शहाण्या माणसाने मूर्खपणा केला की असंच होतं माझं.

"ही बया काय विचारलं नि काय उत्तर मिळालं, ते लिहून ठेवते का?"

"लिहिते की. पण सकाळी साहेबांनी एवढंच विचारलं, की बंद कोणी केलं. कधी ते विचारलंच नाही."

त्याने एक यादी उघडली आणि बोट खाली सरकवत नेलं. शनिवार, दुपारी बारा एक्कावन्न: प्रश्न. एक वाजून बारा मिनिटं: उत्तर, नाही, कायम. त्यापुढे उत्तर देणाऱ्याचं लॉगिन.

राखणदार.

त्या कोठारात राखणदार एकच होती. माझी वहिनी.

४

ती मागच्या अंगणात पायरीवर बसली होती. स्वेटर अजून अंगात, उन्हातसुद्धा. मी शेजारी बसले, लगेच उठले, पुन्हा बसले.

"वहिनी, शनिवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी तू कुठे होतीस?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"वाटतंय," ती म्हणाली. "तुमच्या आवाजावरून कळतं. तक्रार विभागातला आवाज आहे तो."

ते खरं होतं. एखादं माणूस बावीस वर्षं एका दाराची राखण करतं, तापमापकाचा आकडा घरी जेवताना सांगतं, आमचा दादा थट्टा करतो की ही मला ताप आला तरी दोन ते आठमध्येच आणायला बघेल. आणि तरीसुद्धा मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या सांगण्यावरून केलं असेल का हिने?

मग तीच म्हणाली, "एक सांगते, म्हणजे तुमचं ओझं तरी हलकं होईल. रोज संध्याकाळी सहाला त्या प्रोग्रामचा एक संदेश येतो. सगळं ठीक, तापमान इतकं. शनिवारी तो आला नाही. रविवारी आला नाही. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. फोन वाजत नाहीये एवढंच कळलं, आणि इतकं बरं वाटलं वन्सं, की मी तो पर्समधून बाहेर काढलाच नाही. तुमच्या स्वयंपाकघरात कपबशा लावत होते आणि मनात म्हणत होते, आज कोणी बोलवत नाही."

"ते गुन्हा नाही."

"माझ्यासाठी आहे," ती म्हणाली. "बटण मी दाबलं नाही. पण फोन बघायला हवा होता. मुलांच्या लसी होत्या."

मग ती उठून बोळात निघून गेली. एक वाजून बारा मिनिटांनी कुठे होती, ते तिने सांगितलंच नाही. दादाचा फोन आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, नंतर करते. सव्वाबारा वाजले होते.

५

इशारा-प्रोग्राम बसवणाऱ्या माणसाला भोंगेवाला म्हणतात. पूर्वी छपरावर खरोखरचा भोंगा होता, तो इतका ओरडायचा की शेजारच्यांनी तक्रारी केल्या. मग त्यानेच तो उतरवला आणि फोनवरच्या संदेशाची सोय केली. भोंगा गेला, नाव राहिलं. निरोप मिळताच तो हातातलं काम टाकून आला होता आणि घामाघूम होता.

"शनिवारी मी आलो होतो, हे खरं आहे," तो म्हणाला. "खोटे इशारे येत होते ना, म्हणून. सर्व्हरवर प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली, ती चालू केली. बाईंनी खोली उघडली, माझ्यासोबत उभ्या राहिल्या, बारा पस्तीसला कुलूप लावून आम्ही निघालो."

"निघून कुठे गेलात?"

"शीतगृहात. तापमान मोजायच्या तारा बदलायच्या होत्या. चांगले पाऊण-एक तास लागला. गारठून गेलो. दीडला बाहेर आलो."

मी कान टवकारले. "वहिनी कुठे होत्या तेवढा वेळ?"

"आतच की. मी तारा लावायचो, त्या आकडे वाचायच्या. एकट्याने आत जायचं नाही, असा त्यांचाच नियम आहे. दार अडकलं तर काय करणार? आणि बाहेर दरवान उभा हवा, हाही त्यांचाच नियम. तो बिचारा तासभर उभा होता."

मी दरवानाकडे गेले. त्याने शपथेवर सांगावं तसं सांगितलं. बारा चाळीसला दोघं आत गेले, दीडला दोघं बाहेर आले, मध्ये कोणी बाहेर पडलं नाही. "माझे पाय दुखायला लागले होते. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. बाईंना चुकवून बसायची सोय नाही हो इथे."

"हे सकाळी साहेबांना का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी?"

माझ्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ पुन्हा अस्वस्थ वाटायला लागलं. बारा एक्कावन्नला प्रश्न आला तेव्हा, आणि एक बाराला त्याचं उत्तर गेलं तेव्हाही, वहिनी शीतगृहात होती. सर्व्हरच्या खोलीला कुलूप होतं. त्याची एकुलती एक किल्ली तिच्या गळ्यात, स्वेटरच्या आत होती.

मी भोंगेवाल्याकडे परत गेले. "नवी आवृत्ती टाकल्यावर संदेश जातो का, ते बघितलंत का?"

तो ओशाळला. "सहाच्या संदेशापर्यंत थांबायला हवं होतं. पुढचं काम होतं. बाईंना सांगायचं राहिलं."

म्हणजे तारा सुटल्या तसा बदललेला प्रोग्राम इशारा द्यायला बाहेर बोलायला गेला, फायरवॉलला तो अनोळखी वाटला, तिने रिकाम्या खोलीत पडद्यावर प्रश्न टाकला. आणि एकवीस मिनिटांनी त्या बंद, रिकाम्या खोलीत कोणीतरी 'नाही' म्हणालं.

हे साहेबांना जाऊन सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, लॉगिन यांचं आहे, बाकी मला माहीत नाही. पत्र फाडायला 'हिने केलं नाही' पुरणार नव्हतं. कोणी केलं ते सांगावं लागणार होतं.

६

दोन वाजले. अडीच वाजले. मी त्या बोळातून इतक्या फेऱ्या मारल्या की लेखनिकाने शेवटी मला खुर्ची आणून दिली. मी तिच्यावर पर्स ठेवली आणि चालत राहिले.

लेखनिकाचं टेबल रिकामं होतं. संगणकाच्या जागी धुळीचा चौकोन आणि त्याच्या कडेला तीच पिवळी चिठ्ठी.

"तुमचं यंत्र कुठे गेलं?"

"गुरुवारी दुरुस्तीला. तेव्हापासून हात बांधल्यासारखे झालेत. साठ्याची यादीसुद्धा बघता येत नाही मला."

"यादी सर्व्हरवर असते ना?"

"हो."

"मग खोलीत जाऊन बघायची."

तो हसला. "त्या कोंदट खोलीत कोण जातंय ताई? इथूनच बघतो आम्ही. इथून बटण दाबलं की सर्व्हरचा पडदा जसाच्या तसा आपल्या टेबलावर येतो."

मी थांबले. सकाळपासून पहिल्यांदा.

एक्स्चेंजवर मी सव्वीस वर्षं कॉल जोडले होते. यंत्र एका इमारतीत असतं. हजार लोकांच्या तारा तिथे येतात. पण घंटा काही तिथे वाजत नाही. जो रिसीव्हर उचलतो त्याच्या घरी माणूस बोलतं. हे मला झोपेतसुद्धा ठाऊक, आणि सकाळपासून मी सर्व्हर ठेवलेल्या खोलीच्या कुलपाभोवती घुटमळत होते.

"आणि लॉगिन?" मी विचारलं. "इथून सर्व्हरवर जाताना नाव कोणाचं घालता?"

"राखणदार. सगळ्यांचं एकच आहे. बाईंच्या पदाचं केलं होतं, तेच सगळे वापरतात."

मी जावईबापूला दंडाला धरून आणलं. त्याला दोनच प्रश्न विचारले. समजा खोलीतल्या पडद्यावर चौकट आली आहे आणि उत्तराची वाट बघत थांबली आहे. तेवढ्यात याच लॉगिनने कोणी आपल्या टेबलावरून सर्व्हर उघडला, तर ती चौकट कुठे दिसेल?

त्याचा चेहरा उतरला. "त्याच्या टेबलावर. खोलीतला पडदा बंद होतो आणि जे काही उघडं असेल ते सगळं तिकडे जातं, चौकटीसकट."

"किती टेबलांवरून असं उघडता येतं?"

"तीन. लेखनिक, राखणदार..." तिसरं नाव घेण्याऐवजी त्याने साहेबांच्या दाराकडे बघितलं. "बाहेरून, माझ्या घरूनसुद्धा नाही. ती वाट मी उघडलेलीच नाही."

लेखनिकाचा संगणक गुरुवारपासून इथे नाही. वहिनी शीतगृहात, दाराबाहेर दरवान. मला साहेबांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट आठवला. तो उचलून बघायला हवा होता, आणि माझ्याकडे चाळीस मिनिटं उरली होती.

"त्या फायरवॉलला शनिवारचं उत्तर विसरायला लावता येईल?" मी विचारलं. "आणि तो प्रोग्राम पुन्हा नव्याने विचारेल, असं करता येईल?"

"येईल," जावईबापू म्हणाला. मग त्याला कळलं. "मावशी, माझी नोकरी जाईल हो."

"चिठ्ठी तुझी आहे," मी म्हटलं. "निदान एवढं कर."

७

चारला दहा मिनिटं असताना मुख्यालयाच्या बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो: वहिनी भिंतीला टेकून, तिच्या शेजारी भोंगेवाला आणि लेखनिक, दाराबाहेर दरवान. जावईबापू सगळ्यात मागे. सर्व्हरच्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली मी बाईंच्या हातात दिली होती. त्यांनी ती का, असं विचारलं नाही, मुठीत ठेवली.

"एक विनंती आहे," मी साहेबांना म्हटलं. "साठ्याची ही यादी शनिवारची आहे. बाईंना आजच्या तारखेची ताजी प्रत दिलीत तर बरं. पंचनाम्याला तीच लागेल."

"ते मलाही सुचलं होतं," साहेब म्हणाले आणि संगणकाकडे वळले. "शनिवारी कशी मी स्वतः काढली, तशी आत्ता काढतो. दोन मिनिटांचं काम आहे. लोक उगाच त्या खोलीत जातात."

त्यांनी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग सर्व्हरचा निळा पडदा वर आला. आणि त्याच्या बरोबर मध्यभागी एक पांढरी चौकट.

मी ती वाचली. माझ्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी वाचली. 'इशारा-प्रोग्राम बदललेला आहे. त्याला बाहेर संपर्क करू द्यायचा का?' खाली दोन बटणं. त्याखाली बारीक अक्षरात, 'हे उत्तर कायम लक्षात ठेवावे.'

"हे असलं सारखं येत असतं," साहेब म्हणाले आणि 'नाही' दाबलं.

वाक्य संपायच्या आत दाबलं. मग यादी उघडली, छापायला सोडली, आणि प्रिंटर चालू होईपर्यंत मागे वळून बाईंना म्हणाले, "हं, तर यांचं पत्र..."

प्रिंटरचाच आवाज येत होता.

"तुम्ही आत्ता कशाला नाही म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"कशाला म्हणजे? चौकट आली होती. नियम आहे आमचा." त्यांनी पडद्याकडेची पिवळी चिठ्ठी दाखवली.

"काय विचारलं होतं तिने?"

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. चौकट कधीच गेली होती.

जावईबापूने पुढे येऊन फायरवॉलची यादी त्याच पडद्यावर उघडली. सगळ्यात वर आत्ताची नोंद होती: उत्तर, नाही, कायम, राखणदार. तिच्याखाली शनिवारची. अक्षराला अक्षर तशीच, फक्त वेळ वेगळी.

"राखणदार तर भिंतीला टेकून उभी आहे," मी म्हटलं. "खोलीला कुलूप आहे, किल्ली बाईंच्या मुठीत आहे. शनिवारी एक बाराला ती शीतगृहात होती, हा माणूस तिच्यासोबत होता आणि दाराबाहेरचा तो दरवान त्याचा साक्षीदार आहे. आता तेवढा पेपरवेट उचला."

साहेबांनी स्वतःच उचलला. शनिवारच्या यादीच्या तळाशी, जिथे यंत्र आपसूक छापतं तिथे, तारीख होती आणि पुढे वेळ. दुपार, एक वाजून चौदा मिनिटं.

त्यांनी ती ओळ वाचली. नंतर चष्मा लावला आणि पुन्हा वाचली. माझ्या मनात होतं की या माणसाला चार शब्द ऐकवावेत. सकाळपासून जुळवून ठेवले होते. पण त्यांचा चेहरा बघून ते ओठावर आले नाहीत. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. दिवसातून इतक्या वेळा नाही म्हणायचं, त्यातलं एक कोण ध्यानात ठेवणार?

"अकरा हजार," ते हळू म्हणाले.

मग निलंबनाचं पत्र उचलून त्यांनी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवलं. "अहवाल मी लिहितो," ते बाईंना म्हणाले. "माझ्या नावाने. फायरवॉलच्या मागणीवरचा शेराही माझाच आहे, तो जोडतो. मुलांच्या लसी उद्यापर्यंत कुठून मिळतील, ते आधी बघू या."

"साहेब," भिंतीकडून वहिनी म्हणाली, "अहवालात माझंही एक लिहा. दोन संध्याकाळी संदेश आला नाही आणि मी फोन बघितला नाही."

मी तिच्याकडे डोळे वटारले. सुटली होती, आणि पुन्हा आपणहून मान पुढे करत होती. मुख्यालयाच्या बाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"रविवारी तुमची सुटी होती का?" त्यांनी विचारलं.

"मागितली होती," वहिनी म्हणाली.

बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खाली बघितलं.

"मग आठवड्याचे सातही दिवस एकाच फोनवर एकच माणूस कसं, हे मी लिहीन," बाई म्हणाल्या आणि किल्ली वहिनीच्या हातात परत दिली.

८

आम्ही दोघी चालतच निघालो. रिक्षा मिळत होत्या, पण मला बसवत नव्हतं आणि तिला ते माहीत होतं. जावईबापू अजून आतच होता, फायरवॉलमध्ये इशारा-प्रोग्रामपुढे 'हो, कायम' लिहून घेऊन टेबलाटेबलावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या काढत होता. शीतगृहाचं यंत्र दुपारीच दुरुस्त झालं होतं, नासलेल्या कुप्या बाहेर काढल्या होत्या. मुख्यालयातून दुसऱ्या कोठाराला फोन गेले होते. लसी उद्या दुपारपर्यंत येतील म्हणत होते, सगळ्या नाही, निम्म्या.

कोपऱ्यावर आल्यावर वहिनी म्हणाली, "तुम्हालाही वाटलं होतं ना, मी केलं असेल?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "सकाळपासून पावणेएकपर्यंत."

"पावणेएकपर्यंत," ती म्हणाली. "दरवानाने सांगेपर्यंत."

"हो."

ती चालत राहिली. मला वाटलं, आता तीस वर्षांचं वन्सं संपलं, आता ही मला नावाने हाक मारणार.

"एक बाराला कुठे होते, ते मी दोन शब्दांत सांगू शकले असते," ती म्हणाली. "पण म्हटलं, हिला न सांगता कळलं पाहिजे. माझंही चुकलंच. तुमची धावपळ झाली."

"मला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं. पण विचारायच्या आधीच उत्तर धरून बसले होते," मी म्हटलं. "साहेबांसारखंच."

तिने माझ्या हातातली पर्स घेतली आणि आपल्या खांद्याला लावली. माझ्याकडे ओझं झालं की ती नेहमीच असं करते.

सहा वाजता तिच्या पर्समध्ये फोन वाजला. ती फुटपाथवर थांबली, दोन्ही पर्स मला धरायला दिल्या, फोन काढला, लांब धरला आणि संदेश पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग मला दाखवला. सगळं ठीक, तापमान चार. आत लस एकही नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमची अजून चार खोकी उघडायची राहिलीत ना?"

"पाच," मी म्हटलं.

"चला मग."

फोन तिने पर्समध्ये परत टाकला नाही. हातातच ठेवला.